पुलियाखालचे मासे

नवऱ्याच्या एअर फोर्समधल्या पोस्टिंगमुळे आम्ही लखनौला आलो. बख्शी का तालाबला क्वार्टर मिळालं आणि मला शहरातल्या एका संशोधन संस्थेत काम. पाण्यात उतरलेली कीटकनाशकं माशांचं काय करतात, ते पाहायचं. मी मूळची रत्नागिरीकडची. मासा ताजा की शिळा हे मला अक्षरओळखीच्या आधी कळत होतं. तो कशाने मेला हे ओळखायला मी पुढे शिकले.

जवळच्या गावातली एक बाई आमच्याकडे मासे घेऊन यायची. मी तिला दीदी म्हणायचे. तिच्या सासरचे लोक गोमतीला मिळणाऱ्या एका ओढ्यात पिढ्यान्‌पिढ्या जाळी टाकत आले होते. दोन हजारच्या दशकाच्या शेवटाला, दिवाळी होऊन गेल्यावर एका रविवारी ती रिकामी टोपली घेऊन आली आणि दारातच बसली.

"मैडम, नाला मर गया," ती म्हणाली. "गाँव वाले कहते हैं, हमीं ने दवा डाली है।"

तशी दवा टाकणारे लोक त्या भागात होते, हे खरं. कीटकनाशक पाण्यात ओतायचं आणि मासे गुंगून वर आले की गोळा करायचे. त्यामुळे मासे मेले की पहिला संशय मासेमारांवरच. गाव आता तिच्या घरच्यांना ओढ्यावर उतरू देणार नव्हतं.

मी चपला घातल्या. नवरा पेपरातून डोकं वर काढून म्हणाला, "अगं, आपण पोस्टिंगवरची माणसं. गावच्या भांडणात कशाला पडतेस?"

"गावच्या नाही, माशांच्या भांडणात पडतेय," मी म्हटलं आणि दीदीला स्कूटरवर मागे बसवलं.

ओढ्यात पांढरी पोटं वर करून मासे तरंगत होते. काही जिवंत होते, पण भोवऱ्यासारखे गरगर फिरून कुशीवर पडत होते. काठावरचे दोन-तीन जण मला समजावू लागले, की पाणी सडलं असेल, मासे गुदमरले असतील. पण त्या मेलेल्या माशांत सौर होते, सिंघी होते. हे मासे पाण्यावर तोंड काढून हवा घेतात, चिखलातही तग धरतात. ते गुदमरून मरत नाहीत. शिवाय कडेला पाणकिडेही मरून पडले होते. पाण्यात विष होतं, याबद्दल मला तिळमात्र शंका उरली नाही. ते कुठून आलं, एवढंच शोधायचं होतं.

आम्ही दोघी प्रवाहाच्या उलट दिशेने चालू लागलो. मेलेले मासे जागोजागी दिसत होते. फुलकोबीच्या एका मोठ्या शेतापाशी रस्त्याची पुलिया, म्हणजे छोटा पूल, होती. तिच्या वरच्या अंगाला पाणी तेच, पण तिथे बारीक मासोळ्यांचा थवा मजेत फिरत होता. पुलियाच्या खाली सगळं मेलेलं. दगडांवर पांढरट ओघळ होते आणि नाकात झोंबणारा वास. फवारणीचे पंप इथेच धुतले जात होते, उरलेलं औषधही इथेच ओतलं जात होतं.

शेतमालक सभ्य माणूस होता. त्याने खाट टाकून आम्हाला बसवलं, चहा मागवला आणि मग हसून म्हणाला, "बिटिया, इतनी-सी धोवन से कहीं नाला मरता है? ये लोग खुद डालते हैं, नाम हमारा लगाते हैं।"

दीदी उसळून उठली. मी तिचा हात धरला.

"चाचाजी, अगली बार छिड़काव कब है?" मी विचारलं.

"अगले इतवार।"

"तो उस दिन जैसे हमेशा धोते हैं, वैसे ही धोइएगा। हम सब यहीं बैठेंगे।"

पुढच्या रविवारी मी जाळीचे दोन पिंजरे नेले. दोन्हींत एकाच तळ्यातले मासे. एक पुलियाच्या वर ठेवला, एक खाली. दीदीच्या घरचे सगळे लोक काठावर, गावाच्या नजरेसमोर बसले होते. फवारणी आटोपली, गड्यांनी नेहमीप्रमाणे पंप धुतले. पाणी जरासं दुधाळ झालं आणि निवळलंसुद्धा. बराच वेळ काही घडलं नाही. कुणीतरी हसलं. मी हलले नाही. हेच दृश्य मी काचेच्या टाक्यांत कितीदा पाहिलं होतं.

मग खालच्या पिंजऱ्यातला एक मासा वळवळला, जाळीवर आपटला आणि गरगर फिरू लागला. त्याच्यामागे दुसरा. वरच्या पिंजऱ्यातले सगळे शांत पोहत होते. गडबड थांबली, लोक पुढे वाकून बघू लागले. ते मासे मीच तिथे ठेवले होते. त्यांच्याकडे बघताना माझाही जीव गलबलला, पण मी नजर वळवली नाही.

शेतमालक पिंजऱ्यावर वाकला. त्याच्यामागून त्याची बायको पुढे आली. डोक्यावरचा पदर सावरत तिने नवऱ्याला विचारलं, "हमारी भैंसें भी तो यहीं पानी पीती हैं?"

 त्याच आठवड्यात शेताच्या दुसऱ्या टोकाला, ओढ्यापासून लांब, पंप धुवायला पक्कं टाकं बांधलं गेलं. पंप धुतलेलं पाणी पुढच्या फवारणीत मिसळून शेतातच वापरायचं, हेही मी त्याला शिकवलं. गावाने दीदीच्या घरच्यांची माफी वगैरे मागितली नाही. ते परत ओढ्यावर उतरले तेव्हा कुणी अडवलं नाही, इतकंच.

मासे लगेच परतले नाहीत. आधी किडे आले, पुढच्या पावसाळ्यानंतर वरच्या अंगाच्या मासोळ्या पुलियाखाली उतरल्या. सौर दिसायला आणखी एक वर्ष गेलं.

आमची बदली होईपर्यंत ते दोन पिंजरे मी आणि दीदीने आसपासच्या चार गावांत नेले. दोन गावांनी ऐकलं. एका गावात आम्हाला चहासुद्धा मिळाला नाही. शेवटच्या गावात मात्र मला तोंड उघडावंच लागलं नाही. दीदी कंबरेवर हात ठेवून काठावर उभी राहिली आणि जमलेल्या लोकांना खणखणीत आवाजात म्हणाली, "आइए, नज़दीक आइए। सुनिए मत, देखिए।"