रेशनकार्डावरचं नातं

दयाराम जाऊन महिना झाला. काल त्याचे फौजी बूट पुसताना पॉलिशच्या वासानं सौंसरची पंच्याऐंशी सालची एक सकाळ आठवली. रेशनकार्डाचा बाबू आम्हा दोघांचं नातं विचारत होता. दयाराम खाली मान घालून बुटांना पॉलिश करत राहिला. आमच्याकडे राहणाऱ्या निराधार गंगाबाईला आमच्या दोघांमधलं सगळं ठाऊक असावं, असा मला संशय होता. ती बोलली असती तर माझी मास्तरकी गेली असती.

"दोघंबी माहेच पोट्टे," ती म्हणाली. "एकाच चुलीवर जेवतो. लिवा, बाबूजी."

बाबू गेला. मी तिच्याकडे रोखून पाहत राहिलो.

"असे काय पाहून राहिले, मास्तर? खोलीची कडी लावत जा ना!"

मला ती धमकी वाटली. आईचं बोलणं असंच असतं, हे कळायला फार वर्षं लागली.