तपासमामा आणि मोफत वायफाय

सारी नोकरी लिफ्टची तपासणी करण्यात गेली, त्यामुळे तपासमामांचा हलणाऱ्या कुठल्याच वस्तूवर विश्वास उरला नव्हता. कुणाकडे गेले की आधी खुर्ची हलवून बघत, मग बसत. धाकट्या भावाच्या मुलीच्या लग्नात तर त्यांनी स्टेजवर पाय आपटून "फळ्या कच्च्या आहेत, उतरा खाली!" असा पुकारा केला आणि नवरानवरीला फोटोग्राफरसकट खाली उतरवलं. तेव्हापासून भावाने बोलणं टाकलं होतं. आपल्याला त्याचं काही वाटत नाही, असं मामा म्हणत. जरा जास्तच वेळा म्हणत.

मामींच्या गुडघ्याचे व्यायाम चालू होते. त्या आत गेल्या की मामा दवाखान्याच्या बाकावर बसत. एका सकाळी त्यांच्या मोबाइलवर 'दवाखाना पाहुणे – मोफत' असं वायफायचं नाव झळकलं. बाक हलवून बघणाऱ्या मामांनी हे मात्र डोळे झाकून मान्य केलं. बोट लावताच हसऱ्या नर्सचं चित्र आलं. खाली ईमेल आणि त्याचा पासवर्ड मागितला होता. नर्स इतक्या आपुलकीने हसत होती की नाही म्हणणं मामांच्या जिवावर आलं. त्यांनी दोन्ही भरलं आणि लिफ्टच्या अपघातांचे व्हिडिओ बघण्यात रमून गेले.

दुसऱ्या दिवशी सून मोबाइल घेऊन समोर उभी राहिली. "बाबा, तुम्ही मला ईमेल केलीत?"

"मी कशाला करू? तू तर घरातच असतेस."

"यात लिहिलंय, 'सूनबाई, तुमची फार आठवण येते. माझं काही चुकलं असेल तर माफ करा. कृपया एक भेटकूपन घेऊन त्याचा कोड पाठवा.' ते 'कृपया' वाचलं आणि मला घामच फुटला. म्हटलं, बाबांचं खातं कुणीतरी हडपलं."

नावं तेवढी बदलून तोच मजकूर सगळ्या गोतावळ्याला गेला होता. मामांनी दवाखान्यातल्या वायफायचं सांगताच सुनेने पासवर्ड बदलला, इतर कुठे खातं उघडं असेल तर तिथून ते बंद केलं आणि मोबाइलवर कोड आल्याशिवाय ते उघडणार नाही अशी सोय केली. "वायफायला तुमच्या ईमेलचा पासवर्ड कशाला हवा, बाबा? आधी काउंटरवर वायफायचं नाव विचारायचं. महत्त्वाचं काम असेल तर आपलाच डेटा वापरायचा."

मामा तावातावाने दवाखान्यात गेले. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "काका, आमच्याकडे वायफायच नाही. आम्हीच कधीचं मागतोय."

घरी पोचतात तोच धाकट्याचा फोन आला. "दादा, ते कूपन-बिपन मला जमत नाही. मीच येतोय." आणि फोन बंद.

संध्याकाळी तो बॅग घेऊन हजर. मामांनी चहा पुढे केला आणि घसा खाकरला. "ते मी लिहिलं नव्हतं रे. चोराने लिहिलं."

भावाने कप खाली ठेवला. "आठवण येते, तेही चोरानेच?"

"हो."

"आणि चुकलं, ते?"

मामांनी बशी हलवून बघितली. "ते मीच लिहायला हवं होतं."

"मग आता तोंडाने सांग."

"सांगितलं की आत्ता!"

"याला सांगणं म्हणतात?"

आतून मामी ओरडल्या, "भावजी, घेऊन टाका! एवढंसुद्धा माझ्या वाट्याला कधी आलेलं नाही."

भाऊ हसला, तो ठसका लागेपर्यंत. मग चांगला आठवडाभर राहिला.

मामींच्या पुढच्या व्यायामाला दोघे भाऊ बरोबर गेले. शेजारच्या गृहस्थाच्या मोबाइलवर तीच नर्स हसत होती. मामा पुढे झुकले. "अहो, ते भरू नका. चोराचं आहे."

गृहस्थाने मोबाइल छातीशी धरला. "दुसऱ्याच्या मोबाइलमध्ये डोकावता तुम्ही, आणि चोर मला दाखवता?" असं म्हणून तो पलीकडच्या बाकावर जाऊन बसला.

मामा उठून त्याच्या मागोमाग निघाले.