इंजिनाचं पाणी

हे माझ्या नवऱ्यालाही ठाऊक नाही. तुम्हाला लिहून सांगते — तोंडाने बोलायला मला कधी जमलंच नाही.

आमचं स्टेशन नरडाण्याजवळचं, लहानसं, इंग्रजांच्या वेळचं. नवरा पॉइंट्समन, गाड्यांसाठी रूळ बदलणारा. इंजिनात पाणी भरायचा सोंडेसारखा उंच नळ आमच्या क्वार्टरसमोरच आहे. आता डिझेलची इंजिनं आली, नळाला शेळ्या बांधतात. पण बहात्तरच्या दुष्काळात? पूर्वी जिथे कापसाच्या गाठी रचायचे, त्या फलाटावर हंड्यांची रांग लागायची. गावच्या बाया नळाचं पाणी नेत. स्टेशनमास्तर बघून न बघितल्यासारखं करत.

लग्नाला आठ वर्षं झाली होती, मूल नव्हतं. बायांसमोर माझी मान वर होत नसे. त्यांच्यात पार्वती नावाची नवी सून होती, हसरी. एकदा सगळ्यांदेखत म्हणाली, "वहिनी, तुना नळ रोज वाहस, पन पाळना काय हालत नही वं!"

सगळ्या हसल्या. तिच्या मनात वाईट नव्हतं — हे मला तेव्हाही कळत होतं. मग?

मग दुसऱ्या दिवशी मी बोलले. कधी न बोलणारी बाई बोलली, म्हणजे खरंच असणार, नाही का? म्हटलं, इंजिन गंजू नये म्हणून या पाण्यात औषध घालतात. पिणारीची कूस उजवत नाही. माझ्याकडेच बघा.

शिवाय मी चौथी शिकलेली. त्यांनी मानलं. म्हाताऱ्या येत राहिल्या, पार्वती थांबली. ती नदीतल्या झिऱ्यावर जाऊ लागली — वाळूत खणलेला, पुरुषभर खोल खड्डा. एका सकाळी रिकामा हंडा घेऊन माझ्या दारावरून गेली. नळ वाहत होता. एक हाक मारायची होती — मारली का? मी तोंड फिरवलं. आणि खरं सांगू? बरं वाटलं.

त्याच दिवशी झिरा ढासळला. तिला वाळूतून काढेपर्यंत दुपार उलटली.

पुढच्या वर्षी मला मुलगी झाली. पाणी तेच पीत होते, पहिल्यापासून. बारशाला पार्वतीची सासू आली, हाताने शिवलेलं झबलं घेऊन. "औषध उतरनं व्हई, बाई," म्हणाली, आणि माझ्या पोरीची दृष्ट काढली.

मी मान खाली घातली. सगळ्यांना वाटलं, लाजली.