भरपाईच्या कुरडया

जिन्याच्या लोखंडी कठड्यावर टकटक ऐकू आली की आम्ही घरात बसल्या बसल्या ओळखायचो, आज कुणाचा तरी चपलांचा स्टँड जिन्यातून हलणार. पाठोपाठ आवाज यायचाच, "पुढं सरका, वाट द्या!"

हा आवाज ज्यांचा, त्या एसटीत कंडक्टर होत्या. सगळी नोकरी सटाण्याच्या गाडीवर झाली आणि निवृत्त झाल्यावर आमच्या सात मजली इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर राहायला आल्या. तिकिटं टोचायचा जुना चिमटा कायम हातात. तो कुठेतरी वाजवल्याशिवाय त्यांना बोलताच यायचं नाही. आम्ही त्यांना कंडक्टरताई म्हणायचो. सोसायटीचं सचिवपद कुणालाच नको होतं, म्हणून ते त्यांच्या गळ्यात पडलं. तुमच्या सोसायटीतही सचिव असाच निवडला जात असणार.

आग विझवायची यंत्रणा तपासणारा माणूस दर सहा महिन्यांनी यायचा. आधीचे सचिव त्याला खालीच चहा पाजून वाटेला लावत. ताईंनी त्याला सातही मजले चढवले. वर गच्चीच्या दाराला भलंमोठं कुलूप. धापा टाकत तो म्हणाला, "हे कायद्यात बसत नाही. उद्या काही झालं तर जबाबदारी सोसायटीची."

"बरोबर हाय," ताई म्हणाल्या. "गाडीचा संकटकाळचा दरवाजा बांधलेला असता, तर मी डबल बेल दिली नसती."

दुसऱ्या दिवशी त्यांनी कुलूपच काय, कडीकोयंडासुद्धा उखडून काढला. इमारतीत बोंबाबोंब झाली, कारण दिवस वाळवणाचे होते. आमचे अध्यक्ष दिंडोरीचे द्राक्षवाले, आवाज खणखणीत. ते तावातावाने आले. "ताई, आमच्या घरच्यांनी गच्चीवर कुरडया घातल्यात. चोरीला गेल्या तर भरून कोण देणार?"

"मी देईन, भाऊ. ज्याच्या जातील त्याला माझ्या घरातून. पण दाराला कुलूप नाय."

मला वाटलं, रागाच्या भरात बोलल्या. पण तेव्हापासून ताई दर उन्हाळ्यात जास्तीचे गहू भिजत घालायच्या आणि एक मोठा डबा कुरडयांनी वेगळा भरून ठेवायच्या. भरपाईचा डबा. एकट्या बाईला एवढा चीक घोटताना पाहून माझी आई हळहळायची. खरं सांगायचं तर काहींनी न गेलेल्या कुरडयांचीही भरपाई नेली. ताईंना ते कळायचं. "फुकटे प्रवासी मला लांबून ओळखू येतात," असं म्हणायच्या आणि पातेलं भरून द्यायच्या.

मग एका दुपारी तळमजल्यावरच्या वीजमीटरांना आग लागली. खालचे लोक कसेबसे बाहेर पळाले. आम्ही वरचे दार उघडून पाहतो तर जिन्यात काळा धूर, दोन पायऱ्यांपुढचं दिसेना. आईचा हात धरून मी नुसता उभा राहिलो होतो. काय करावं ते सुचेना. तेवढ्यात कठड्यावर टकटक ऐकू आली.

"खाली नाय, वर चला! तोंडाला ओलं फडकं लावा! वरलं दार उघडं हाय!"

त्या टकटकीच्या मागोमाग आम्ही चढत गेलो. चुलीवरच्या धुराड्यातून जावा तसा धूर उघड्या दारातून बाहेर जात होता. गच्चीवर आलो आणि आई पहिला मोकळा श्वास घेऊन तिथेच खाली बसली. अध्यक्षांची सून तान्ह्या बाळाला छातीशी धरून त्याचं तोंड पुसत होती. ताई मात्र प्रत्येकाकडे चिमटा दाखवत माणसं मोजत होत्या. सगळे होते.

बंब आला, आग विझली. तेव्हा कुठे ताईंनी खाली पाहिलं. आमच्या पायांखाली साऱ्या इमारतीच्या कुरडयांचा चुरा झाला होता. "अगं बाई," त्या कपाळाला हात लावून म्हणाल्या, "आता एवढी भरपाई मी कुठून देऊ?"

आधी हसले ते अध्यक्ष. हसता हसता त्यांचे डोळे भरून आले आणि ते चक्क ताईंच्या पाया पडले. त्या वर्षापासून भरपाईच्या डब्यात घराघरातून ओंजळभर कुरडया पडू लागल्या.

मागच्या हिवाळ्यात ताई वारल्या. डबा आता अध्यक्षांच्या घरी असतो.

परवा तपासणीला नवा माणूस आला. अध्यक्ष आणि मी त्याच्या मागोमाग जिना चढलो. गच्चीचं दार अडलेलंच असणार अशा हिशेबाने त्याने खांदा लावला आणि तोल जाऊन थेट वाळवणाजवळ पोचला. सावरून पुन्हा दारात येऊन उभा राहिला. "कुलूप नाही? एवढं वाळवण पडलंय, चोरीला जात नाही?"

"जाऊ दे की," अध्यक्ष म्हणाले. "आमच्याकडं भरपाईचा डबा हाय." एवढ्या अभिमानाने त्यांना स्वतःच्या द्राक्षबागेबद्दलही बोलताना मी ऐकलं नव्हतं. माझीही छाती फुगली होती, ते लपवत नाही.

तो माणूस अजून दारातच होता. अध्यक्षांनी खिशातून ताईंचा चिमटा काढला आणि चौकटीवर टकटक केली.

"पुढं सरका साहेब, वाट द्या."