मासळीबाजारातला बर्फ

परब गेल्याचं मला कॉलेजच्या ऑफिसातल्या फोनवर कळलं. कावीळ झाली, आठ दिवसांत संपलं. महिना होत आला... परवा स्टाफरूममध्ये त्याच्या खुर्चीवर नव्या मॅडम बसल्या, तर मला उगाचच राग आला.

सदानंद परब प्राणिशास्त्र शिकवायचा, मी वनस्पतिशास्त्र. अंधेरीच्या आमच्या कॉलेजात प्रयोगशाळा मात्र दोघांत एकच. गिरणीकामगाराचा हा मुलगा डॉक्टरेट करणार होता, आणि तीही सॅलमँडरवर. दिसायला पालीसारखा, पण बेडकाच्या नात्यातला हा प्राणी. दार्जिलिंगकडच्या डबक्यातली एक जोडी त्यानं रीतसर परवानगी काढून, थर्मासात घालून आणली होती. विणीच्या दिवसांत नर मादीसमोर शेपूट वाकवून हलवत राहतो. परबचं म्हणणं, तो पाण्यातून आपला वास तिच्याकडे ढकलतो आणि त्या वासावरच ती त्याला पसंत करते. "आवाज नाय, काय नाय. नुसता शेपटीनं वारा घालतो बघ," तो म्हणायचा. "वहिनींना असंच पटवलंस काय रे?" असं मी चिडवलं की कानापर्यंत लाल व्हायचा.

मे महिन्यात टाकी गार ठेवायला तो बर्फ प्लास्टिकच्या पिशवीत बांधून पाण्यात सोडायचा. "बर्फ पिशवीतच हां. पाण्याला दुसरा वास लागला तर वाट लागली," हे त्यानं मला शंभरदा बजावलं होतं. दोन उन्हाळे वाट पाहिल्यावर नरानं शेपूट हलवायला सुरुवात केली आणि नेमकं त्याच आठवड्यात परबच्या आईला हॉस्पिटलात न्यावं लागलं. टाकी माझ्यावर सोपवून तो गेला. त्या दिवशी नेहमीचा बर्फवाला आलाच नाही, म्हणून मी मासळीबाजारातून बर्फ आणला. पिशवी फाटकी निघाली. मला मॅटिनी गाठायची होती. मी बर्फ सरळ पाण्यात टाकला.

दुसऱ्या दिवशी परब टाकीसमोर बसून होता. नर शेपूट हलवून थकला, मादी कोपऱ्यात तोंड करून पडलेली.

"बर्फ पिशवीतच ठेवलेलास ना?"

"हो रे."

चार दिवसांनी मादी मेली, मग नर. परबनं माझ्यावर विश्वास ठेवला आणि स्वतःवरचा सोडला. "वासाचं काय नाय रे त्यात. माझंच डोकं फिरलेलं." प्रबंध तिथंच थांबला. पुढं सहा वर्षं आम्ही रोज एकत्र डबा खाल्ला, आणि मला तोंड उघडायचा धीर झाला नाही. भित्रा होतो मी, दुसरं काही नाही.

गेल्या रविवारी चारकोपला त्याच्या घरी गेलो. ती टाकी आता गॅलरीत आहे, तिच्यात कांदे-बटाटे असतात. "भाऊजी, ही वही तुम्हीच न्या, मला यातलं काय कळत नाय," वहिनी म्हणाल्या. शेवटच्या पानावर त्याच्या पेन्सिलीनं लिहिलं होतं : मादीचा नकार. वासाचा संबंध नाही. चूक माझी.

त्याखाली मी पेनानं लिहिलं, बर्फ मी पाण्यात टाकला होता, आणि वही वहिनींपुढे धरून सगळं सांगितलं. त्यांनी ती ओळ दोनदा वाचली.

"शेवटपर्यंत स्वतःला मूर्ख म्हणायचे हो ते," एवढंच त्या बोलल्या, आणि चहाचं न विचारता टाकीतले कांदे निवडायला बसल्या.