टिंबवालं झालं

यादीतलं काम संपलं की मी त्यापुढे बरोबरची खूण करत नाही, ‘झालं’ असं लिहिते. खूण कोणीही करू शकतं. आमच्या घरात माझ्याखेरीज तीन माणसं आहेत आणि तिघांनाही न केलेल्या कामापुढे खूण करायची सवय आहे.

साखरशेत गावच्या बायकांबरोबर नागलीचे, म्हणजे नाचणीचे, पापड सुरू केले तेव्हा माझी ‘झालं’ लिहायची सवय पाकिटांवर गेली. बायका उकड काढून पापड लाटायच्या, वाळवायच्या. पाकिटं पाट्यांत भरून, तोंडं उघडीच, जव्हारला माझ्या ओट्यावर यायची. मी वजन करायची, तुटके काढायची, प्रत्येक पाटीतला एक भाजून खायची. दाताखाली कचकच आली नाही, की निळ्या स्केचपेनने कोपऱ्यात ‘झालं’. पाकिटाच्या मधोमध एक छापील नावही होतं, सोनेरी, पानाफुलांसकट. ते निवडायला मला तीन आठवडे लागले होते. कुणी वाचल्याचं ऐकिवात नाही.

बाजारातल्या दुकानात गिऱ्हाइकं ‘झालं’च मागायची. एकदा माझ्यासमोर एका बाईंनी विचारलं, “झालं आहे का?”

“झालं झालं,” दुकानदार म्हणाला.

“म्हणजे आहे ना?”

“म्हणजे संपलं हो. झालं संपलं. परवा येईल झालं.”

मग एके दिवशी नाशिकच्या बाईंचा फोन आला. आमचा निम्मा माल त्या घ्यायच्या, याच दुकानदाराच्या हातून. “ताई, पापड पाठवताय की वाळू? यापुढे नको.”

मी तडक दुकानात गेले. दोरीला पाकिटांच्या दोन माळा लटकत होत्या. एक आमची. दुसरीवर तोच निळा रंग, तोच कोपरा, फक्त अक्षरं छापलेली. आणि शब्द होता ‘झाल’.

“काकू, टिंबवालं तुमचं,” दुकानदार अगदी मोकळेपणाने म्हणाला. “बिनटिंबाचं दुसरीकडून येतं. स्वस्त पडतं.”

“आणि वाळू?”

“ती बिनटिंबाच्यात.”

“नाशिकला कुठलं गेलं?”

“घाईत टिंब कोण बघतं?”

नाशिक गेलं तर आमच्या अकरा बायकांपैकी सहा जणींना दिवाळीनंतर वीटभट्टीवर जावं लागणार होतं. त्यात लाटण्यात सगळ्यांत तरबेज असलेल्या मावशीही होत्या. त्या दिवसाच्या यादीत मी एकच ओळ लिहिली : वकीलबाई.

पापडाचं नाव ट्रेडमार्क म्हणून नोंदवायचं होतं, म्हणून वकीलबाईंकडे जाताना चौदा नावं काढून नेली. त्यांनी कॉम्प्युटरवर शोध घेतला आणि एकेकावर काट मारली. “नऊ आधीच दुसऱ्यांची आहेत. ‘शुद्ध नागली’ मिळणार नाही, नागलीला नागली म्हणायचा हक्क एकट्याला देत नाहीत. ‘सूर्यमाळ’ गावाचं नाव, तिथेही आक्षेप येईल. लोक काय म्हणतात तुमच्या पापडाला?”

“झालं.”

“एवढ्यात? सांगा की.”

“झालं.”

“अहो, आधी नाव सांगा, मग झालं म्हणा!”

मी पाकीट काढून टेबलावर ठेवलं. हसणं आवरल्यावर त्या म्हणाल्या की हेच उत्तम, कारण या शब्दाचा पापडाशी काही संबंध नाही. मात्र तो आपण आधीपासून वापरतोय याचा पुरावा हवा. मी माझ्या याद्यांच्या वह्या दिल्या. पानावर ‘साठ पाकिटं – झालं’ होतं आणि खालीच ‘नणंदेशी समेट – राहिलं’.

“ही ओळ झाकता येईल?”

“पान अख्खं लागतं, ताई.”

सगळ्यांत भक्कम पुरावा माझ्या फोनमध्ये निघाला. ‘झालं ४० पाठवा’, ‘झालं लवकर’ असे दुकानदाराचे दोन वर्षांचे मेसेज. त्याच्याकडून एक पत्रही हवं होतं.

“मी कशाला कोर्टकचेरीत पडू, काकू?”

“पडू नका. मेसेज तर मी देणारच आहे. पत्र दिलंत तर साक्षीदार, नाही दिलंत तर बिनटिंबाचे विक्रेते. बघा, कुठलं बरं दिसतं.”

त्याने पत्र दिलं आणि दुसरी माळ उतरवली. पत्रात ‘झाल’ लिहिलं होतं. परत नेऊन टिंब द्यायला लावलं.

अर्जाची पावती आणि एक पाटी पापड घेऊन मी स्वतः नाशिकला गेले. बाईंनी पावती बाजूला सारून पापड भाजला, चावला, आणि मागणी पुन्हा सुरू केली. त्या वर्षी वीटभट्टीवर कुणी गेलं नाही. नोंदणी व्हायला पुढे बराच काळ लागला. ती झाल्यावर मी नवी पाकिटं छापून घेतली. माझंच अक्षर, निळं, शेजारी नोंदणीचा गोलातला आर. गठ्ठा साखरशेतला पाठवला.

पहिला माल घेऊन मावशी आल्या. त्यांनी एक भरलेलं आणि एक रिकामं पाकीट माझ्यासमोर धरलं.

“बाई, याच्यावर तं आधीच झालं लिवलंय. रिकाम्यावर पन. मंग तपासलं का नाय, कसं कळंल?”

कामाआधीच खूण करणाऱ्या घरच्या मंडळींवर मी आयुष्यभर डाफरले होते, आणि आता कामाआधीचं ‘झालं’ मीच सरकारी शिक्क्यासह छापून घेतलं होतं. मी स्केचपेनने ‘खरंच झालं’ लिहायला सुरुवात केली. वकीलबाईंना फोनवर सांगितलं, तर त्यांनी तिथेच थांबवलं. “शेजारी दुसरा शब्द नको, ताई, लोक तेच मागायला लागतील. साधी बरोबरची खूण करा.”

करते. वजन करते, पापड भाजून खाते, मग खूण. पेन कुलपात असतं.

काल दुकानदाराचा मेसेज आला : ‘झालं ४० पाठवा. खूणवालं.’