आतोबांनी खाल्लेली बोलणी

आमची आत्या सार्वजनिक बागेची राखणदार होती. तिच्या तोंडाला लागायची कोणाची छाती नव्हती. पण खऱ्या गुन्हेगाराला ती कधीच बोलली नाही. लेकी बोले सुने लागे, हा तिचा खाक्या. आणि लेकीच्या जागी आमचे आतोबा.

आतोबा निवृत्त झाल्यापासून रोज संध्याकाळी फाटकाजवळच्या बाकावर बसत. कोणी गवतावर कागद टाकला, की आत्या कंबरेवर हात ठेवून त्यांच्यापुढे उभी. "अहो, केस पिकले, तरी कचरापेटी दिसत नाही का तुम्हाला?" आतोबा मान डोलवायचे, "चुकलं हो." टाकणारा गुपचूप कागद उचलायचा. हा तमाशा बघायलाच आम्ही पोरं बागेत जायचो. काय दिवस होते ते! फार आठवण येते.

मग नगरपालिकेने लोकांच्या वागण्यावर नजर ठेवायला रोबोट आणला. चार चाकं, वर कॅमेरा. त्या दीडशहाण्याला ना लेक कळे, ना सून. राखणदाराने दिलेली समज हा पुरावा, एवढंच त्याला शिकवलेलं. आत्या ओरडली, की हा आतोबांचा फोटो काढी. थुंकणं, फुलं तोडणं, झोपाळा अडवणं, सगळं बिचाऱ्यांच्या माथी. शेवटी कचेरीतून बोलावणं आलं: यांना बागेत कायमची बंदी का घालू नये?

मीही सोबत गेले. साहेब तसे भले. म्हणाले, "बाई, हे ज्यांनी केलं त्यांची नावं सांगा. बंदी त्यांना घालतो, यांना सोडतो."

आत्याला एकूण एक माणूस ठाऊक होता. तिने नवऱ्याकडे पाहिलं आणि तोंड उघडलं. ती सांगणारच होती. तेवढ्यात आतोबा म्हणाले, "साहेब, ते सगळं मीच केलं."

"झोपाळासुद्धा?"

"झोपाळासुद्धा."

बाहेर आल्यावर आत्या जिन्यातच बसली आणि रडायला लागली. "कशाला बोललात मध्ये? आता बागेत यायचं नाही तुम्ही?"

आतोबा तिच्याशेजारी टेकले. "अगं, चारचौघांत त्यांची लाज जाऊ नये म्हणून तर मला बोलायचीस ना? आज नावं घेतली असतीस, तर इतकी वर्षं मी फुकटच बोलणी खाल्ली असती."

आत्याने त्याच दिवशी नोकरी सोडली. बाग आता चकचकीत असते म्हणे. मला तिकडे पाऊल टाकवत नाही.